तीनशे दहा सेकंद आणि पुढची सात वर्षे

३१० सेकंद. पोलीस शिपाई भरतीत १६०० मीटर धावण्याचे पैकीच्या पैकी २० गुण हवे असतील, तर मुलाला पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत रेषा ओलांडावी लागते. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, क्रमांक ५ आणि क्रमांक ७. त्यामुळे ‘भरती’ हा इथल्या घराघरांतला रोजचा शब्द. पहाटे दिसायलाही लागलेले नसते तेव्हा मैदानावर, कालव्याच्या कडेने, डांबरी रस्त्याच्या कडेला पोरे-पोरी पळत असतात. तिकडे शिरूरला पुणे–अहिल्यानगर रस्त्याच्या आतल्या गावांतही हेच चित्र.

२०२४च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले सुमारे १७ लाख ७६ हजार. म्हणजे एका जागेमागे १०१ जण. त्यांतल्या ४,३४९ जागा राखीव दलाच्या. शिपायाच्या मैदानी चाचणीला ५० गुण: १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. राखीव दलाला १०० गुण आणि त्यांतले ५० एकट्या पाच किलोमीटरला.

आता ३१० सेकंदांचा हिशेब मांडू. वेग पडतो सेकंदाला ५.१६ मीटर. मिनिटाला १८० पावले धरली तर एकूण ९३० पावले आणि प्रत्येक पाऊल १.७२ मीटरचे. धावताना पाय टेकतो तेव्हा जमिनीचा उलट दाब शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. साठ किलोच्या मुलाला अडीच पट धरा, दर पावलाला दीडशे किलो. एका पायावर ४६५ वेळा. हे फक्त चाचणीच्या दिवशीचे. सरावाला तो रोज सहा-आठ किलोमीटर पळतो, आठवड्यातून सहा दिवस, कित्येकदा झिजलेल्या तळव्याच्या बुटात.

मग एक दिवस तो म्हणतो, “सर, नडगी लई ठणकती.” मैदानावर या दुखण्याला सगळे ‘शिन पेन’ म्हणतात. मिळणारी उत्तरेही ठरलेली: बर्फ लाव, पट्टा बांध, पळत राहा, आपोआप जाईल. बऱ्याचदा जातेही. कधीकधी मात्र ते हाडाला बारीक तडा जाण्याच्या वाटेवरचे दुखणे असते. तिथे ‘पळत राहा’ म्हणजे भरतीचे अख्खे वर्ष हातचे घालवणे.

या एका नडगीत किती शास्त्रे दडली आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सराव आठवड्यात किती वाढवायचा, हे व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्राचे काम. पाऊल कुठे पडते, गुडघा किती वाकतो, हे जैवयांत्रिकीचे. दुखणे स्नायूचे की हाडाचे, हे ओळखणे फिजिओथेरपीचे. १०१ जणांत आपला नंबर लागेल का, या धास्तीने रात्री झोप लागत नाही, ते क्रीडा मानसशास्त्राचे. अमेरिका-कॅनडातल्या विद्यापीठांत ही सगळी भावंडे एका छपराखाली राहतात आणि त्या छपराचे नाव कायनेसिऑलॉजी, शरीराच्या हालचालीचे शास्त्र. १९८९मध्ये अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षणाच्या अकादमीने या विद्याशाखेला हेच नाव द्यावे, अशी शिफारस केली. तिथे पदव्युत्तर पदवी घेताना विद्यार्थी यांतली एक शाखा निवडतो.

आपल्याकडे घर एकच नाही, दारे वेगवेगळी. शिरूर-दौंडचा विद्यार्थी पदवीनंतर ‘स्पेशलायझेशन कशात करू’ असे विचारतो, तेव्हा खरे तर तो कुठल्या दाराने आत शिरला, यावरच अर्धे उत्तर ठरून गेलेले असते.

पहिले दार शारीरिक शिक्षणाचे. तीन वर्षांची पदवी, दोन वर्षांचे बी.पी.एड., दोन वर्षांचे एम.पी.एड.; बारावीनंतर सात वर्षे. दुसरे दार फिजिओथेरपीचे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.पी.टीएच. इंटर्नशिपसह साडेचार वर्षांची आणि एम.पी.टीएच. दोन वर्षांची, एकूण साडेसहा. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पदवी पाच वर्षांची झाली आहे, म्हणजे तीही सातच. लोक समजतात की एम.पी.एड. हा लवकर संपणारा रस्ता आणि फिजिओथेरपी लांबचा. वर्षे मोजली तर फरक उरत नाही. फरक आहे तो बारावीत जीवशास्त्र होते की नाही याचा, फीचा आणि शेवटी हातात येणाऱ्या अधिकाराचा. तिसरे दार क्रीडाविज्ञानाच्या एम.एस्सी.-एम.ए.चे. त्यासाठी बहुतेक वेळा जिल्हा, कधी राज्यही सोडावे लागते.

पहिल्या दाराची परंपरा पुणे जिल्ह्यात जुनी आहे. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले १९२४मध्ये. त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केले आणि आसन-प्राणायामाने शरीरात नेमके काय बदलते, हे उपकरणे लावून मोजायला घेतले. ‘कायनेसिऑलॉजी’ हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, पण काम तेच होते. मंडळाचे चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९७७चे. दौंडहून सकाळची शटल धरली की रेल्वेने पुणे साधारण ७५ किलोमीटर, शिरूरहून रस्त्याने ६५-७०. दोन्हीकडची मुले या अंतरात बसल्या बसल्या अभ्यास करतात.

आता एम.पी.एड.मध्ये ‘स्पेशलायझेशन’ किती? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४च्या नियमांनुसार दोन वर्षांचा, चार सत्रांचा आराखडा दिला. एका तुकडीत ४० जागा. दर सत्रात तीन सक्तीचे विषय आणि दोन ऐच्छिकांपैकी एक. सक्तीच्यांत व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र, क्रीडा जैवयांत्रिकी व कायनेसिऑलॉजी, दुखापतींची काळजी, क्रीडावैद्यक, क्रीडा मानसशास्त्र, सांख्यिकी असे बरेच काही येते. ऐच्छिकांत क्रीडा पत्रकारिता की क्रीडा व्यवस्थापन, क्रीडा तंत्रज्ञान की चाचणी व मोजमाप, अशा जोड्या. विद्यापीठे यात आपापले बदल करतात, नव्या शैक्षणिक धोरणानंतर आणखी झाले. पण गाभा पाहिला तर कळते की कायनेसिऑलॉजीच्या वाट्याला इथे जैवयांत्रिकीशी जोडलेला एक पेपर येतो. पुस्तकातल्या आकृतीवर स्नायूंची नावे लिहून तो सुटतो.

म्हणून मी एम.पी.एड.च्या मुलांना एकच सांगत असतो: तुमचे खरे स्पेशलायझेशन म्हणजे तुमचा शोधनिबंध. तो दोन वर्षांतला एकमेव भाग असा आहे की विषय तुम्ही निवडता, मापे तुम्ही घेता. आणि तिथेच सगळ्यात जास्त आळस होतो. ‘कबड्डी व खो-खो खेळाडूंच्या लवचीकतेचा तुलनात्मक अभ्यास’ या छापाची शीर्षके वर्षानुवर्षे फिरत राहतात. दौंडच्या मैदानावर शंभर मुले रोज एकाच वेळेला, एकाच अंतरावर पळतात. असा आयता नमुना परदेशातल्या प्रयोगशाळांना शोधून सापडत नाही.

गोळ्याचेच उदाहरण घेऊ. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, पूर्ण गुणांसाठी साडेआठ मीटर. हातातून सुटताना गोळा जमिनीपासून दोन मीटरवर आहे आणि वेग सेकंदाला ८.१५ मीटर आहे, असे धरू. ३८ अंशांच्या कोनात सुटला तर तो ८.५४ मीटरवर पडतो, पूर्ण गुण. त्याच जोराने पण २५ अंशांत सुटला, म्हणजे नेहमीसारखा सपाट ढकलला गेला, तर ७.९८. ताकद तीच, मेहनत तीच, ५६ सेंटिमीटर गेले. शाळेत शिकवतात तसा ४५ अंशांचा सोडला तरी ८.३९, कारण गोळा जमिनीवरून नव्हे, खांद्याच्या वरून निघतो. माणसाला जास्त उंच कोनात तेवढा वेग देताही येत नाही, त्यामुळे व्यवहारातला चांगला कोन ३८ अंशांहूनही थोडा कमीच भरतो. हे कळायला मोबाइलमधला संथ गतीचा व्हिडिओ आणि कोनमापक पुरतो. भरतीच्या अकॅडमीत मात्र उपाय एकच सांगितला जातो, अजून जोर मार.

धावण्याच्या गुणांतही असेच काही लपलेले आहे. १६०० मीटरला लागणाऱ्या ऊर्जेचा बराच मोठा भाग, साधारण चार पंचमांश, प्राणवायूच्या साहाय्याने तयार होतो. शंभर मीटरमध्ये उलटे. म्हणजे शिपायाच्या पन्नासांत दमसासाचे गुण ४० टक्के आणि वेग-ताकदीचे ६०. राखीव दलाच्या शंभरात दमसास ५० टक्क्यांवर जातो. दोन्ही भरत्यांना एकच सराव करणाऱ्या मुलाला हे कुणी कागदावर मांडून दाखवलेले नसते. व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र घेतलेला एखादा माणूस तालुक्यात असेल, तर त्याचे पहिले काम हेच.

दुसऱ्या दाराकडे वळू, कारण दोन्ही तालुक्यांच्या दृष्टीने तिथला मामला जास्त गंभीर आहे. महाराष्ट्रात फिजिओथेरपीचे शिक्षण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथींनंतर, मुंबईच्या केईएम रुग्णालयात उभे राहिले. त्या वेळी प्रश्न लुळ्या पडलेल्या पायांचा होता. आज एम.पी.टीएच.च्या शाखा अनेक आहेत: अस्थि-स्नायू, मज्जासंस्था, हृदय व श्वसन, समाजआरोग्य, क्रीडा आणि काही ठिकाणी बालरोग वा स्त्रीआरोग्य. कायनेसिऑलॉजी इथे पहिल्या वर्षापासून पाया म्हणून शिकवतात, व्यायामोपचाराच्या जोडीने.

विद्यार्थ्यांना विचारा, निम्म्यांहून अधिक हात ‘स्पोर्ट्स’साठी वर जातात, निदान मी जिथे जिथे विचारले तिथे तसे झाले. मला त्यांची ओढ समजते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पळतो, एका शर्यतीत ३५ अडथळे ओलांडतो. जुलै २०२५मध्ये मोनॅकोत पाण्याच्या अडथळ्यावर पडून त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्या गुडघ्याला पुन्हा उडी मारायला शिकवण्याचे काम कुणाला करावेसे वाटणार नाही? पण आकडे पाहू. आयपीएलमध्ये संघ १०, प्रत्येकात फिजिओ मोजके. आणि २०११च्या जनगणनेत शिरूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८५ हजार, दौंडची ३ लाख ८० हजार. एकूण ७ लाख ६५ हजार माणसांच्या कमरा, गुडघे, खांदे इथे आहेत आणि ते वापरले जातात, भरपूर.

उसाचा फड बघा. दौंड तालुका ऊसपट्ट्यातला, पाटसला भीमा साखर कारखाना; शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला घोडगंगा. हंगामात बीड, पाथर्डीकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडणीचा दर जानेवारी २०२४मध्ये ३४ टक्के वाढून टनाला ३६६ रुपये झाला. जोडीने दिवसात दोन टन तोडले असे समजा, तर ७३२ रुपये. हे दोन टन मोळ्यांत बांधले जातात. पस्तीस किलोची मोळी धरली तर ५७ मोळ्या. प्रत्येक मोळी आधी जमिनीवरून डोक्यावर जाते. मग बाई ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. फळी वाकते, ओली असते, पायात चप्पल असली तर असते. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या सूत्रात, उत्तम परिस्थितीत, वजन शरीराजवळ आणि कमरेच्या उंचीवर असताना, उचलायची मर्यादा २३ किलो आहे. जमिनीवरून उचलायचे, कंबर पिळायची, दिवसात पन्नासदा करायचे म्हटले की ती झपाट्याने खाली येते. मानेच्या मणक्यांवरून उतरणाऱ्या पस्तीस किलोंचे मोजमाप आपल्या अभ्यासक्रमाच्या कुठल्याच प्रात्यक्षिकात नाही.

बीड जिल्ह्यात २०१९मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. शंभरात जवळजवळ सतरा. याची कारणे आर्थिक आहेत, वैद्यकीय आहेत, मुकादमाच्या उचलीची आहेत. नुसत्या व्यायामाने ती सुटणार नाहीत. पण ओटीपोटाच्या स्नायूंवर ओझ्याचा ताण, बाळंतपणानंतर लगेच फडात उभे राहणे, अंग बाहेर येणे, हे स्त्रीआरोग्य फिजिओथेरपीचे रोजचे विषय आहेत. शस्त्रक्रियेच्या आधी कुणीतरी बाईला तपासून, समजावून, व्यायाम देण्याची ती पायरी आहे आणि नेमकी ती पायरीच गाळली जाते. ही शाखा घेतलेली एखादी मुलगी न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या हंगामात चार महिने काम करील, तर तिला जे दिसेल ते पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात दिसणार नाही.

आता रांजणगाव. गणपतीमुळे ओळखले जाणारे हे गाव आता औद्योगिक वसाहतीमुळेही तितकेच ओळखले जाते. फ्रिज, वॉशिंग मशीन, गाड्यांचे भाग इथल्या पट्ट्यांवर जुळतात. एखाद्या जागी दर ३० सेकंदांनी एक नग येत असेल, तर साडेसात तासांत ९००. उजव्या हाताने स्क्रू आवळायचा तर नऊशे वेळा, मनगट त्याच कोनात. कंत्राटी पोरगा वर्षभरात दुसरीकडे जातो, खांद्याचे दुखणे सोबत घेऊन. कामगारांच्या हालचालींचा अभ्यास, ज्याला अर्गोनॉमिक्स म्हणतात, तो अस्थि-स्नायू शाखेच्या आणि जैवयांत्रिकीच्या सीमेवर बसतो. कारखान्याला याचा फायदा पैशांत दाखवता येतो. मेजाची उंची दहा सेंटिमीटर बदलणे हे कुणालाही नवीन माणूस शिकवण्यापेक्षा स्वस्त. शिरूरच्या विद्यार्थ्याला घरापासून अर्ध्या तासावर असलेले हे काम स्पेशलायझेशन म्हणून सुचतच नाही, याची मला खरेच हळहळ वाटते.

हृदय-श्वसन शाखा निवडण्याचे कारण देशाच्या आकड्यांत आहे. २०२३मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने भारतात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. २०२२मध्ये भारतातले ४९.४ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२. पुरेशी म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटे. शेतातल्या बाईला ‘तू हालचाल करत नाहीस’ असे सांगायची सोय नाही, पण तालुक्याच्या गावातल्या दुकानात, बँकेत, शिकवणीवर्गात बसणारी पिढी वेगळी आहे.

आणि दौंड तालुक्यात वर्षातून एकदा आपोआप उभी राहणारी प्रयोगशाळा आहेच. तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्काम करते. मुक्कामाआधीचा टप्पा पंचवीस किलोमीटरचा धरा, पाऊल ६५ सेंटिमीटरचे. साठीच्या बाईची एका दिवसात ३८ हजार पावले. समाजआरोग्य शाखेच्या विद्यार्थ्याने इथे टाचा, गुडघे, चालण्याचा वेग, विश्रांतीची वेळ नोंदवली, तर म्हातारपणी माणूस काय करू शकतो, यावर एक दुर्मिळ दस्तऐवज तयार होईल.

तिसऱ्या दाराबद्दल थोडक्यात. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ची; तिथे व्यायाम शरीरक्रिया, जैवयांत्रिकी, मानसशास्त्र यांचे स्वतंत्र विभाग आहेत. २०१८च्या कायद्याने इम्फाळला राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ झाले. क्रीडा प्रशिक्षण आणि क्रीडा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदव्या तिथे मिळतात. ज्याला एका शाखेत खोल जायचे आहे आणि घर सोडायची तयारी आहे, त्याने या दाराचा विचार जरूर करावा. परतल्यावर इथे पद कुठले, हा प्रश्न मात्र त्याने जाण्याआधी स्वतःला विचारावा.

पदाचे आकडे असे. माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षक म्हणून लागले तर आधी तीन वर्षे शिक्षणसेवक. २०२३पासून मानधन नववी-दहावीला १८ हजार, कनिष्ठ महाविद्यालयात २० हजार. नंतर माध्यमिकची मूळ वेतनश्रेणी ३८,६००पासून. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक वा शारीरिक शिक्षण संचालक व्हायचे तर एम.पी.एड.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७००. नेटमध्ये शारीरिक शिक्षणाचा विषय क्रमांक ४७, दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण. त्यात कायनेसिऑलॉजी आणि जैवयांत्रिकीचे प्रश्न हटकून असतात. शोधनिबंधात ज्याने खरोखर मापे घेतली त्याला ते सोपे जातात.

फिजिओथेरपीवाल्यांसाठी २०२१च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग नेमला आणि नोंदणी आवश्यक केली. एम.पी.एड. झालेल्याने व्यायाम शिकवावा, सराव आखावा, दुखापत टाळायला मदत करावी. दुखापतीवर उपचार हे नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टचे काम. तालुक्याच्या गावात ही रेष फार पुसट झाली आहे. ‘मसाज सेंटर’च्या पाट्यांवर ‘स्पोर्ट्स थेरपी’ लिहिलेले दिसते, मुले विश्वासाने जातात, आणि नडगीतला बारीक तडा तिथे जोर लावून चोळला जातो.

यंदा एम.पी.एड.ला गेलेल्या दौंडच्या एका विद्यार्थ्याशी मागच्या महिन्यात बोलणे झाले. त्याने स्वतः दोनदा भरती दिली होती, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. शोधनिबंधाला काय घ्यावे, असे तो विचारत होता. त्याला म्हटले, मैदानावरच्या चाळीस मुलांची पावले मोज. मिनिटाला किती पडतात, ते मोबाइलवर टिपून घे. वीस जणांना आठ आठवडे पावलांची संख्या पाच टक्क्यांनी वाढवायला सांग, वीस जणांना आहे तसे पळू दे, आणि कुणाची नडगी किती दुखते ते दर रविवारी विचार. पावले जराशी जलद आणि आखूड केली की दर पावलाचा धक्का, विशेषतः गुडघ्यावरचा, कमी होतो, असे धावण्यावरचे संशोधन सांगते. दौंडच्या मातीवर तसे होते का, ते आपण बघू. त्याने खिशातली वही काढली आणि पहिली ओळ लिहिली: १८० गुणिले १.०५ बरोबर १८९.